मामांचे सोमवार

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर वाळत घातलेल्या बोंबलांसारखं, एकही सरळ लटकत नाही. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलीच तर हसून झाल्यावर पुढे वाचावं.

लिहायचं आहे ते माझ्या नवऱ्याच्या मामांबद्दल. सातपाटीत आमच्या शेजारीच राहतात. मामी जाऊन तीन वर्षं झाली. मामांच्या शर्टाच्या खिशात चष्मा नसतो, व्हर्निअर असतं, म्हणजे जाडी मोजायचं ते सरकतं माप. बोईसरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर लोखंडाचे भाग तपासले. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातला डाव घेऊन त्याची जाडी मोजतात. एकदा माझ्या भाकरीला माप लावलं. एका कडेला तीन मिलिमीटर भरली, दुसऱ्या कडेला पाच. "हा नग नापास हाय," म्हणाले, आणि दोन खाल्ल्या.

दुसरी सवय म्हणजे प्रश्न. काहीही सांगा, मामा आधी विचारणार, "नग किती?" पापड करणार म्हटलं, नग किती. पाहुणे येणार म्हटलं, नग किती. शेजारची सून बाळंत झाली तेव्हाही तेच विचारलं. तिला जुळं झालं होतं, त्यामुळे तेवढ्या एका वेळी कोणाला राग आला नाही.

आता माझा शहाणपणा सांगते. घोळ, रावस अशा मोठ्या माशांचे खवले सुरीने काढताना हात कापतात, म्हणून मी डब्याच्या झाकणाची पट्टी कापून तिला दाते पाडले, वाकवली आणि लाकडी मुठीला ठोकली. बाजारातल्या बायकांना ती आवडली. आमच्या बचत गटात बारा जणी. सगळ्यांनी ठरवलं की चांगल्या स्टीलच्या दोनशे करून घेऊ आणि विकू. गटाची सचिव मी. मला हुशार म्हणून नाही केलं. मी बोलत नाही, म्हणून माझ्याशी कोणाचं भांडण होत नाही, एवढंच.

तर न बोलणारी मी एकटी बोईसरला गेले. मामांना विचारलं असतं तर हजार प्रश्न आले असते. एका मोठ्या शेडमधल्या शेठने मला थंडगार खोलीत बसवलं, काचेच्या कपात चहा दिला आणि अर्धा तास हिंदीत बोलला. मला लाज वाटत होती म्हणून मी मान हलवत राहिले. बाहेर आले तेव्हा समजलं की माझ्या मानेने पट्टीचा साचा बनवायला होकार दिला होता आणि वीस हजार आगाऊ भरले होते. कामासाठी सोबत नेलेले, गटाच्या डब्यातले होते ते. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की दोन महिने बारा घरं त्या डब्यावर चालतात. शेठच्या कागदावरची माझी सही तेवढी चांगली आली होती.

पुढची करामतही माझीच. दात्यांमध्ये अंतर किती, असं त्याच्या कारागिराने विचारलं. आमच्याकडे जाळ्याची भोकं बोटांनी मोजतात, म्हणून मी अर्धं बोट सांगितलं. कारागिराने स्वतःचं बोट धरलं. तो हातोडा चालवणारा माणूस, त्याचं अर्धं बोट माझ्या दीड बोटाएवढं. आठ दिवसांनी पत्र्यातून हाताने कापलेला नमुना आला. त्याने मासा सोडा, म्हैस खरवडता आली असती.

तो नमुना पदराखाली घेऊन मी मामांकडे गेले आणि रडले. मामांनी नमुना मोजला. मग माझ्या बोटाची रुंदी मोजली, पंधरा मिलिमीटर. मग विचारलं, "नग किती?"

"दोनशे."

"दोनशे नगाला साचा? बाय, तू पाच करंज्या करायला साचा आणतेस का? हातानंच मुरड घालतेस ना?"

मग त्यांनी समजावलं. साचा महाग, त्यातून हजारो नग निघाले तरच परवडतो. ओतीव करून घेतलं तर दाते जाड येतील आणि तुटतील. दोनशेच हवेत तर स्टीलचा पत्रा लेझरवर कापायचा, कडा घासायच्या आणि यंत्रावर वाकवायचा. हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मी मान हलवली. पहिल्यांदाच समजून हलवली.

कारखाना निवडायचीही त्यांची तऱ्हा वेगळी. आम्ही तीन शेड पाहिल्या. मामा यंत्राकडे बघतच नव्हते. सरळ मागच्या दाराला जाऊन भंगाराची पेटी उघडायचे. दोन ठिकाणी पेटी चकचकीत रिकामी होती. "यांचे खराब नग गिऱ्हाइकाच्या घरी जातात," मामा म्हणाले आणि माझा हात धरून बाहेर आले. तिसरी शेड कोंदट, चहासुद्धा विचारला नाही. पण पेटीत लाल रंग फासलेले नग होते आणि प्रत्येकावर खडूने चूक लिहिलेली होती. मामांनी ती पेटी देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशी बघितली. काम तिथेच दिलं. थोडे आगाऊ मी सुक्या मासळीच्या माझ्या पैशांतून भरले, बाकीचे बायकांनी पट्ट्या हातात आल्यावर दिले. दाते माझ्या बोटाच्या मापाने बरोबर आले.

राहिले वीस हजार. साचा अजून बनायला घेतलाच नव्हता, पण शेठ पैसे परत द्यायला तयार नव्हता. मामा भांडले नाहीत. दर सोमवारी मला घेऊन पालघरला एसटी बदलून बोईसरला जायचे आणि शेठच्या शेडमध्ये स्टुलावर बसायचे. बसल्या बसल्या हाताला येईल तो नग मोजायचे आणि मोठ्याने सांगायचे, हा दोन दशांश जास्त हाय. एकदा शेठचं गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. त्या दिवशी पाच हजार मिळाले. पुढे कारागीरच नग घेऊन मामांकडे यायला लागले. ते स्टूल जाऊन खुर्ची आली. तीन आठवड्यांनी आणखी पाच हजार आले. मी कोपऱ्यात बसून बोटी बंद व्हायचे दिवस मोजत होते. मामा माझ्यासाठी किती झिजताहेत, असं वाटून मला अगदी ओशाळं व्हायचं.

शेवटच्या सोमवारी मामा फाटकातून थेट आत गेले आणि वॉचमनने वही माझ्यापुढे केली. एरवी दोघांची नावं मामाच लिहायचे. 'काम' या रकान्यात काय लिहायचं ते बघायला मी मागचं पान उलटलं. सोमवारी आमची दोघांची नावं होती. काम, वसुली. त्याखाली एकट्या मामांचं नाव होतं. बुधवार. गुरुवार. शनिवार. पुन्हा बुधवार. त्या दिवसांपुढे माझं नाव कुठेच नव्हतं. काम, सहज. सहज. सहज.

वॉचमन म्हणाला, "मामाजी तो रोज आते हैं."

आत शेठने पाकीट टेबलावर ठेवलं. उरलेले दहा हजार, एकदम. मामांनी पाकिटाला हात लावला नाही.

"आज पाचच दे," ते म्हणाले. "बाकीचे पुढच्या सोमवारी."

शेठ माझ्याकडे बघायला लागला. बोटी बंद व्हायला चार दिवस होते. मला मान हलवता आली असती, त्यात माझा हात कोणी धरणारा नाही. पण बारा घरं होती.

"नाय शेठ," मी म्हटलं. "सगळे द्या."

त्या शेडमध्ये माझा आवाज पहिल्यांदाच निघाला. मामांनी पाकीट जवळ ओढलं. मग म्हणाले, "बरोबर हाय बाय. थांब, मोजून देतो."

एकेक नोट उजेडाकडे धरून त्यांनी मोजली. पूर्ण दहा हजार होते, आधीचे धरून वीस. हिशोब फिटला होता. मामांनी नोटा सारख्या केल्या, माझ्याकडे न बघता अंगठा ओला केला आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरुवात केली.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. साडेचारची एसटी गेली तर गेली.