कुलूपबंद धवला

मयूरने कॉम्प्युटर चालू केला, तेव्हा नेहमीच्या एकवीरा आईच्या फोटोऐवजी काळा पडदा आला आणि त्यावर लाल अक्षरांत लांबलचक इंग्रजी मजकूर. खाली एक घड्याळ उलटं धावत होतं. त्याचे आजोबा, भिवा पाटील, नुकतेच जेवून शेजारच्या खुर्चीत येऊन बसले होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मजकुराची चाल त्यांनी बरोबर ओळखली.

"नोटीस आली," ते म्हणाले.

अंदाज अनुभवाचा होता. दिवा गावातली त्यांची भातशेती आयुष्यभर कुणी ना कुणी मागत आलं होतं, कधी रस्त्याला, कधी रुळांना, कधी पाइपलाइनला. प्रत्येक मागणी नोटीस होऊन यायची. नोटिशीत न समजणारी भाषा, एक मुदत आणि शेवटी दम, एवढं असायचंच. इथेही तिन्ही होतं.

"कुठल्या खात्याची हाय?"

"खातं नाय आजोबा, व्हायरस आहे. सगळ्या फाइली लॉक केल्यात त्याने. पैसे दिले तर चावी देणार, असं लिहिलंय."

"सगल्या?"

"सगळ्या."

"आजीची पन?"

मयूरने होकारार्थी मान हलवली. त्या कॉम्प्युटरमध्ये लग्नाचे फोटो होते, सातबारे होते, बिलं होती. भिवा पाटलांचा जीव मात्र एकाच फाइलीत होता.

त्यांची बायको लक्ष्मी गावची धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी, धवले, गाणारी. आगरी लग्नात तिच्या धवल्यांशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक गोष्टीला धवला असतो आणि लक्ष्मीबाईंना ते सगळे तोंडपाठ होते. शेवटच्या आजारात, नात कृतिकाच्या लग्नापर्यंत आपण काही पोचत नाही हे कळल्यावर, त्यांनी मयूरला फोन समोर धरायला लावला आणि देवांना मांडवात बोलावण्याचा धवला गायला. "कृतिकाच्या हलदीला पहिला धवला माझाच लागला पायजे," अशी ताकीदही दिली. मध्येच त्यांना खोकला आला. मग "अवो, पंखा बंद करा, आवाज येतं," असं नवऱ्याला सुनावून त्यांनी पुढचं कडवं घेतलं होतं.

लक्ष्मीबाई हयात असताना गाणं सुरू झालं की भिवा पाटील चपला घालून बाहेर पडायचे. बायकोच्या धवल्यांनी कान किटले, असं ते पारावर बसून चारचौघांत सांगायचे. ती गेल्यापासून मात्र रोज दुपारी जेवण झालं की या खुर्चीत बसून ते तो धवला ऐकत. त्याशिवाय जेवण पचत नाही, असं कारण त्यांनी दिलं होतं. ते कारण घरात सगळ्यांनी निमूट मान्य केलं होतं.

आता हळद तोंडावर आलेली. मांडवात मोठे स्पीकर लागणार, म्हणून आदल्या रात्री मयूरला वाटलं, आजीचा आवाज जरा स्वच्छ करावा. तो खोकला, ती पंख्याची घरघर, ते पंखा बंद करायला सांगणं, सगळं काढून टाकावं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत होतं. तेच एका साइटवर फुकट मिळत होतं. डाउनलोड करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी तिथे सूचना होती. आजोबांचं सांगणं मयूरने जन्मात कधी इतक्या तत्परतेने ऐकलं नसेल, पण ही सूचना त्याने लगेच पाळली. सॉफ्टवेअर काही उघडलं नाही. कंटाळून तो झोपला आणि व्हायरस कामाला लागला.

"टेन्शन नका घेऊ, बॅकअप आहे," मयूर म्हणाला आणि आजोबांची खात्री पटावी म्हणून कपाटातली हार्ड डिस्क आणून त्याच कॉम्प्युटरला लावली. दोघांच्या डोळ्यांदेखत तिच्यातल्याही फाइलींची नावं बदलू लागली. मयूरने वायर उपटली, तोवर आजीची फाइलही गेली होती.

"फोनवर गायलेली ना ती?" भिवा पाटलांनी विचारलं.

"डिलीट केलेली. कृतिकाताईच्या खडवलीच्या प्री-वेडिंग शूटिंगला फोनमध्ये जागा नव्हती."

भिवा पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नोटिशीशी कसं वागायचं हे घरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. "आधी मुदत मांग," ते म्हणाले.

नको नको म्हणत मयूरने आपल्या फोनवरून खाली दिलेल्या पत्त्यावर लिहिलं, की घरात लग्नकार्य आहे, तरी मुदत वाढवून मिळावी. तासाभरात उत्तर आलं. मुदत वाढवून मिळाली होती.

"बघ," भिवा पाटील म्हणाले, "मानसं समजुतीची हायेत. आता त्यांना बोल, पैसं नाय, एक गुंठा लिवून देतो."

"आजोबा, ते कुठल्या देशात बसलेत ते पण माहीत नाय. गुंठा घेऊन काय करतील?"

"मंग खोली बांधून भाड्यानी द्या बोल. दिव्यान खोली रिकामी ऱ्हात नाय."

मयूरला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

शेवटी कृतिकाने तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला. ही ऋजुता वर्तकनगरची, एका कंपनीत कॉम्प्युटर-सुरक्षेचं काम करणारी. तिने आल्या आल्या इंटरनेटची वायर काढली.

"आजोबा, त्यांना काहीही देऊ नका. देऊनही चावी मिळेलच असं नाही आणि एकदा दिलंत की पुन्हा मागतील."

"आमाला ठाव हाय ता," भिवा पाटील म्हणाले. "पन बघ ना बाय, एक तरी फाइल सुटतं का."

ऋजुताने पडद्याचा फोटो घेतला, कृतिकाला सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवायला लावली, मग आपल्या लॅपटॉपवर बराच वेळ शोधलं. काही व्हायरसांच्या चाव्या फुकट मिळतात, याची अजून निघालेली नव्हती. तिने कुलूपबंद फाइली एका नव्या डिस्कवर काढून घेतल्या. नंतर कॉम्प्युटर पार पुसून पुन्हा उभा केला, अँटिव्हायरस चालू केला आणि मयूरला सगळे पासवर्ड बदलायला लावले.

"व्हायरस गेला. कॉम्प्युटर आता अगदी स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"ह्यानी पन स्वच्छच कराला घेतलेला," भिवा पाटील म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणूनच मयूरला ते जास्त लागलं.

ऋजुताने नवी डिस्क त्यांच्या हातात दिली. "ही जपून ठेवा. पुढेमागे चावी निघू शकते."

"ह्यान हाय ती?"

"आहे. पण कुलपात."

भिवा पाटलांनी डिस्क बायकोच्या फोटोपुढे ठेवली. दुपारी जेवून ते कॉम्प्युटरसमोर बसतच राहिले. पडद्यावर काही नसायचं. मयूरला ते बघवेना. "आजोबा, एकदा ओरडा तरी मला," तो म्हणाला.

"ओरडून ती उगडतं का?" भिवा पाटील म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मयूरला वाटलं, त्यांना झोप लागली. त्यांचे ओठ तेवढे हलत होते.

हळदीला मांडव भरला. कृतिका पाटावर बसली. लक्ष्मीबाईंच्या हाताखाली शिकलेली मंजुळा धवलारीण म्हणून आली होती. तिला फाइलीचं सांगितलेलं होतं, तरी सवयीने तिने स्पीकरकडे पाहिलं. "पहिला वैनीचा," ती म्हणाली. "तो मी कसा गाऊ?"

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून एक फाटका, घोगरा आवाज लागला. भिवा पाटील धवला गात होते.

धवले बायांनी गायचे असतात. बायकांनी तोंडाला पदर लावले आणि कुणीतरी पुरुषांत खुसखुसलं. पण शब्द चुकत नव्हते. कुठे सूर ओढायचा, कुठे दम घ्यायचा, सगळं लक्ष्मीबाईंचं होतं. मंजुळाने चमकून मान वर केली आणि हळूच साथ धरली.

मध्येच भिवा पाटील खोकले. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला आणि आवाज बारीक करून म्हणाले, "अवो, पंखा बंद करा, आवाज येतं."

मांडवात हशा पिकला. म्हातारा कुणाला अवो म्हणतोय, हे कुणाला कळेना. हळद लागलेल्या हातांनी तोंड झाकून कृतिका मात्र हुंदके देऊ लागली.

मयूर उठून भिंतीशी गेला आणि मांडवातल्या मोठ्या पंख्याचं बटण बंद केलं. माणसं घामाने निथळत होती. हसणं हळूहळू थांबलं. लक्ष्मीबाई घ्यायच्या त्याच जागेवरून भिवा पाटलांनी पुढचं कडवं घेतलं. मयूरचा हात फोन काढायला खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. पंखा पुन्हा कुणी लावू नये म्हणून तो बटणावर हात ठेवून उभा राहिला.