उपाशीपोटी बेदाण्याचा सौदा

उपाशी कसं राहावं हे मला कुणी शिकवू नये! आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वात मी दहाच्या दहा दिवस उपवास करतो, आणि तेही गावभर सांगून. त्यामुळे सांगलीचे डॉक्टर सोनोग्राफी बघून म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू. चार बारीक भोकं, दोन दिवसांत घरी. फक्त आदल्या रात्री बारापासून काही खायचं नाही," तेव्हा मी चक्क हसलो.

"डॉक्टर, आमचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं. बाराचं काय सांगताय!"

बायको मात्र हसली नाही. बरगडीखाली कळ आली की मी फरशीवर कसा लोळतो, हे गुणमाला महिनाभर बघत होती. "एकदाचं हे हुंदे," ती म्हणाली, "मग माझ्या डोळ्याला डोळा लागंल."

ठरल्या दिवशी सकाळी हिरवा झगा घालून मी खाटेवर बसलो. गुणमाला कागदांवर सह्या करायला खाली गेली. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला केरबा होता.

"शेठ, गाव कंचं?"

"तासगाव. बेदाण्याचा व्यापार. नेमिनाथ शेठ म्हटलं की कुणीबी सांगंल!"

बढाई नडली! केरबाचा पाय मोडला होता, पण हात शाबूत होते. त्यानं उशीखालून कागदाची पुडी काढली. "ह्यो आमच्या शेडवरचा माल. जरा बघा की!"

व्यापाऱ्याच्या तळहातावर बेदाणा ठेवला की पुढचं काम डोकं करत नाही, हात करतो. मी दाणा उजेडाकडे धरला, दाबला आणि तोंडात टाकला. तीस वर्षं हेच करतोय.

"गोडी हाय. पन ओलावा लय राहिलाय गड्या."

हे समोरच्या खाटेवरच्या लालासाहेबांनी ऐकलं. मिलिटरीतून रिटायर झालेले, हर्नियाचे पेशंट. ते पोट धरून, मेव्हण्यानं दिलेला बेदाण्याचा डबा घेऊन आले. "असला माल आमच्यात ढोरं बी खाईत न्हाईत! ह्यो बघा!"

केरबा पेटला. "माज्या मालाला नावं ठेवता व्हय? शेठच ठरवतील!"

न्यायनिवाडा एकेका दाण्यावर कसा करायचा? मूठमूठ चाखावं लागलं. मधेच नर्सबाईंनी दारातून विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"छे!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. शपथेवर सांगतो, मी खोटं बोललो नाही. चाखणं म्हणजेही खाणं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पर्वात पेढी बंद असते, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता.

एवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. माझा गाल टम्म!

"काय खाताय?"

"खात न्हाई, म्याडम! माल बघतोय!"

त्यांनी रिकामी पुडी उचलली. "काका, भरल्या पोटी भूल दिली असती तर पोटातलं फुप्फुसात गेलं असतं. जिवावर बेतलं असतं!" ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकललं. आणि त्या दोघांचं काय, तर "पन शेठ, कुनाचा सरस?"

गुणमाला वर आली, सगळं ऐकलं आणि स्टुलावर बसून रडायलाच लागली. "धा दिवस उपाशी राहता आन् अर्धा दिवस निभंना व्हय तुमास्नी? आवं, तुमचं काय बरंवाईट झालं असतं तर मी कुनाकडं बघायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकाल न देताच मी घरी गेलो.

त्या आठवड्यात कळ दोनदा आली. दुसऱ्यांदा तर मी गुणमालेला म्हणालो, "धंदा सोडतो, पन एवढं काढाय सांग!"

पुढच्या खेपेला ती माझं मनगट धरूनच बसली. वॉर्डात कुणी नुसती पिशवी उघडली तरी डोळे वटारायची. ऑपरेशन झालं. चार भोकं, चार पट्ट्या. दुपारी शुद्धीवर आलो, तर डॉक्टर काचेची छोटी बाटली घेऊन समोर उभे. झाकण उघडून त्यांनी खडे तळहातावर ओतले. पिवळसर, गोल, एका मापाचे!

"बघा काका, तुमच्या पोटातला माल."

"डॉक्टर!" गुणमाला किंचाळली. "आदी ते बाटलीत घाला आन् झाकण लावा!"

मला संताप आला. चारचौघांत नवऱ्याची अशी बदनामी! चांगलं सुनावायला म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं, की माझा हात चादरीबाहेर येऊन डॉक्टरांच्या तळहातापर्यंत पोचलाय.