मोकळ्या रानाचा फोटो

"दहा मिनिटांचं काम! गेलो, फोटो काढला, आलो!" बायकोला, म्हणजे शुभदाला, असं ठणकावून सुरेंद्र चऱ्होलीला निघाला. त्याने बनवलेला शहराचा आर्थिक विकास आराखडा तयार होता. छोट्या कारखान्यांच्या नव्या वसाहतीसाठी त्याने चऱ्होलीतलं मोकळं रान सुचवलं होतं. मुखपृष्ठावर त्याच रानाचा फोटो हवा होता. उद्या सकाळी मोठ्या साहेबांनी आराखडा मंजूर केला, की सुरेंद्रची बढती पक्की!

त्याने रानात ट्रायपॉड उभा केला, तर ऊन थेट कॅमेऱ्यात! संध्याकाळी येऊ म्हणाला. जागा हुकू नये म्हणून बांधावर तंबाखू मळणाऱ्या रानमालक सोपानरावांकडून चुना मागून घेतला, ट्रायपॉडच्या पायांशी तीन दगड ठेवले, त्यांवर फुल्या मारल्या आणि स्वारी जेवायला गेली.

इथेच घोळ झाला! ज्या गावाची निम्मी शेतं रस्त्यांत गेली, त्या गावात तीन पायांचं यंत्र आणि चुन्याची फुली एकत्र दिसली तर लोक काय समजणार?

संध्याकाळी येऊन बघतो तर रान गायब! सोपानरावांनी पत्र्याची शेड ठोकली होती. शेडपुढे कोथिंबीर पेरावी तशी दाटीवाटीने आंब्याची रोपं. शेजारच्या बबनरावांची शेड तर दुप्पट, शिवाय फुलीचा एक दगड त्यांनी उचलून स्वतःच्या रानात नेला होता.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" सुरेंद्र किंचाळला.

"रोड येतोय न्हवं? मोबदला बांधकामाचा मिळतो, झाडाचा मिळतो. आमाला काय कळत न्हाई व्हय?" सोपानराव म्हणाले.

"रोड नाही हो! मी फक्त फोटो काढायला आलोय!"

"मागचे सायेबबी असंच म्हनले हुते," बबनरावांनी डोळा मारला. "पर दगूड माज्याच रानात ऱ्हाऊ द्या, राव!"

सुरेंद्रने कपाळावर हात मारला. कॅमेरा जिकडे वळवावा तिकडे पत्रा! त्यात दोघं ऐटीत शेडपुढे येऊन उभे राहिले. अंधार पडायला लागला, तेव्हा जो निघाला तो फोटो घेऊन तो चरफडत घरी आला.

सकाळी साहेबांनी मुखपृष्ठ निरखून पाहिलं. "अहो, इथे तर कारखाने उभे आहेत, मालकही खुशीत दिसतायत! मग आराखडा कशाला?"

आराखडा कपाटात गेला आणि बढतीही त्याच्यासोबत गेली.

महिन्याभराने सोपानरावांचा फोन आला. "सायेब, दोनी शेडी भाड्यानं गेल्या बगा! चाकणच्या कंपन्यांचे पार्ट बनवत्यात!"

सुरेंद्रने पुन्हा कपाळावर हात मारला. आराखड्यात त्याने हेच तर लिहिलं होतं!

"आन् सायेब," सोपानरावांनी आवाज खाली आणला, "फुडचा फोटू कुठं काढनार, तेवढं आदी सांगा!"