त्रेचाळीस सभासदांचा परस्पर विश्वास

परस्परांवरचा विश्वास हा सुदृढ समाजाचा पाया असून, तो पक्का होईपर्यंत कुणावरही विश्वास ठेवू नये, असं निवृत्त हेडक्लार्कांचं मत होतं. बिल्डिंगच्या ऑनलाइन ग्रुपचे ते ॲडमिन असल्यामुळे त्रेचाळीसही सभासदांचं तेच मत होतं.

ग्रुपवर विश्वास वाढावा म्हणून त्यांनी एकोणीस कलमी नियमावली केली. प्रत्येकाने आपला फोटो आणि दोन जामीनदार द्यावेत (नवरा-बायकोला एकमेकांचा जामीन राहता येणार नाही, कारण दोघंही एकमेकांना ओळखून असतात). अनोळखी लिंक उघडू नये, ओळखीच्या माणसाची तर मुळीच नाही. घाईचा निरोप फसवणुकीचा समजावा. त्यापाठोपाठ फोन आला तर उचलू नये, हल्ली आवाजाचीही नक्कल होते. तीन महिन्यांत फसवणुकीचे प्रकार शून्यावर आले. (आधीही शून्यच होते, पण त्या शून्याला नियमांचा आधार नव्हता.)

एका रविवारी बायको बहिणीकडे गेलेली. हेडक्लार्क गॅसवर दूध ठेवून, घराचं दार नुसतं लोटून, टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेले. वाऱ्याने गच्चीचं दार धाडकन लागलं, लॅच बसलं. किल्ली खाली स्वयंपाकघरात, दुधाशेजारी.

त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "गच्चीत अडकलोय. घरात गॅस चालू आहे. दार उघडंच आहे, कुणीतरी लगेच जा!"

'लगेच' वाचताच तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाई सावध झाल्या. "नंबर हॅक झालाय. साहेब कधी उद्गारचिन्ह देत नाहीत."

"अहो बाई, मीच आहे!"

"सगळे असंच म्हणतात," जिमवाल्याने लिहिलं.

हेडक्लार्कांनी फोटो पाठवला. चेहरा घाबरलेला असल्यामुळे तो नोंदणीतल्या फोटोशी जुळेना. फोन केले, ते शिस्तीत कापले गेले. शेवटी ते कठड्यावरून घराचा नंबर, गॅस आणि किल्ली असं ओरडू लागले. पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं, आदराने नमस्कार केला आणि ग्रुपवर कळवलं, "साहेब स्वतः गच्चीवर उभे राहून आपली परीक्षा घेतायत. या वयात केवढा उत्साह! कुणी फसू नका."

कुणीही फसलं नाही.

रस्त्याने एक प्लंबर चालला होता. तो ग्रुपमध्ये नसल्यामुळे त्याला हाक नुसती ऐकू आली. जिने चढून त्याने गॅस बंद केला, पेटलेला पडदा बादलीभर पाण्याने विझवला आणि किल्ली घेऊन वर येऊन गच्चीचं दार उघडलं.

"काका, पातेलं गेलं. घर आहे."

संध्याकाळच्या सभेत दोन ठराव झाले. एक, सर्व सभासदांचं अभिनंदन. दोन, जामीनदार नसलेला इसम घरात शिरलाच कसा, याचा खुलासा हेडक्लार्कांकडून मागवावा. तशी नोटीस निघाली. खाली ॲडमिन म्हणून सही त्यांचीच होती.

ही माणसं तुम्हाला हास्यास्पद वाटली असतील, तर उत्तमच. फक्त एवढं वाचून होईपर्यंत आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा तुम्ही मान वर न करता नुसतं "हं" म्हणालात.