कोळशाच्या इस्त्रीचं न्याय्य संक्रमण

हरित संक्रमण कक्षाचे उपसंचालक मनाने अत्यंत कोमल होते. त्यामुळे शहरातल्या कोळशाच्या इस्त्र्या जप्त करण्याच्या आदेशावर सही करताना त्यांनी खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'या प्रक्रियेत कोणीही मागे राहता कामा नये.' ती त्यांना इतकी आवडली, की घरी बायकोला त्यांनी ती दोनदा ऐकवली.

आठवड्याभरात त्यांच्याच इमारतीच्या जिन्याखाली बसणारा इस्त्रीवाला दारात उभा.

"साहेब, इस्त्री उचलून नेली. आता मी काय करू?"

उपसंचालकांना गहिवरून आलं. त्यांनी त्याला तिथल्या तिथे बाधितांचा प्रतिनिधी म्हणून कक्षाच्या समितीवर घेतलं.

समितीने प्रश्न मनावर घेतला. विजेची इस्त्री द्यावी, तर वीजही कोळशाचीच. धूर फक्त गावाबाहेर. मग सौर इस्त्री ठरली. पण तिला प्रशिक्षण हवं, आणि प्रशिक्षित माणूस बाधित राहत नाही. समितीवर एकच बाधित, तोही गेला तर न्याय कोणाला द्यायचा? तेव्हा सामाजिक न्यायाच्या हितासाठी त्याचं प्रशिक्षण लांबणीवर पडलं. प्रतिनिधी सभेला येई, चहा पिई आणि हात हलवत घरी जाई.

"अहो, त्याची बायको आता लोकांकडे भांडी घासते," पत्नी म्हणाली. "आणि तुम्ही त्याला चहा पाजताय!"

उपसंचालकांना ते झोंबलं. आपला मोठेपणा दुसऱ्याच्या पोटावर उठलाय, हे कळण्याइतके ते प्रामाणिक होते. खटपट करून त्यांनी कार्यालयातलं एक जुनं सौर पॅनेल मिळवलं आणि इमारतीची सभा बोलावली. गच्चीवर खाटेएवढी जागा हवी होती.

इस्त्रीवाल्याच्या हालांवर सगळे भरभरून बोलले. मात्र गच्चीवर कोणाची सेंद्रिय भाजी होती, कोणाची पाखरांसाठी पाण्याची सोय.

"साहेब, तुमच्या एसीचं धूड हलवलं, तर जागा होते की!" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

उपसंचालकांनी घसा खाकरला. आपण काय बोलणार, हे त्यांना आधीच कळलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी ते बोललेच.

"तत्त्वतः मान्य. फक्त एवढा उन्हाळा जाऊ दे."

इस्त्रीवाल्याने पॅनेल पुसून डोक्यावर घेतलं.

शेवटी समोरच्या इमारतीला विचारायचा ठराव एकमताने पास झाला. तिथले लोक वाचणारे, संवेदनशील. अशा गोष्टी वाचून त्यांना हसूसुद्धा येतं. तो निघालाय. तुमच्या गच्चीची किल्ली काढून ठेवा.