समासातलं अक्षर

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुलुंडच्या वाचनालयात विद्याधर परबांना एका प्रेमकादंबरीचं परीक्षण वाचायचं होतं, आणि सकाळी दहापर्यंत त्यांची कादंबरीची अकरा पानं वाचून झाली होती. परीक्षण आवडलं तर त्यांना पुस्तक निवड समितीवर घेणार होते. निवृत्तीनंतर त्यांना कुठल्याही समितीवर कोणी घेतलं नव्हतं, सोसायटीच्यासुद्धा नाही. त्यामुळे ही जागा त्यांना हवीच होती.

कादंबरीचं नाव 'पुन्हा एकदा पवई'. पवईतल्या एका कंपनीचा साहेब, सर्वेश, रोज बाहेरून जेवणाचा डबा मागवतो. एके दिवशी डब्यावर चिठ्ठी येते, 'कमी तिखट'. एवढ्या दोन शब्दांवरून तो सत्तावीस वर्षांपूर्वी दुरावलेल्या प्रेयसीचं अक्षर ओळखतो. पुढची तीनशे पानं कशी रेटायची या चिंतेत पानं चाळताना विद्याधररावांना समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे दिसले.

शेरे मालवणीत होते आणि फर्मास होते. 'हो मेलो बोलणाच नाय.' 'दोघांकय कामधंदो नाय.' विद्याधररावांनी ते शुद्ध मराठीत आणले. पहिल्याचं 'नायकाचं मौन अनाकलनीय वाटतं' झालं, दुसऱ्याचं 'कथानकाला सामाजिक वास्तवाचा आधार अपुरा आहे'. शेवटी स्वतःच्या पदरचं एवढंच घातलं: 'मात्र अक्षराचा प्रसंग अस्सल आहे. खरं प्रेम असेल, तर तिचं अक्षर कुठेही ओळखू येतं.'

संध्याकाळी परीक्षण रंगलं. "हा प्रेमाचा झरा नसून नळाचा गळका वॉशर आहे," या वाक्याला तर टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीने, सुलक्षणाबाईंनी, तेवढ्या वाजवल्या नाहीत.

मग ग्रंथपाल भीमराज यांनी पुस्तक जमा करून घेताना सहज चाळलं. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याशीही हे गृहस्थ आठवडाभर बोलत नसत.

"परबसाहेब, पान चौऱ्याऐंशी. 'झरो खयचो, नळाचो गळको वॉशर!' वाचनालयाच्या पुस्तकात लिहिता तुम्ही?"

"छे हो! ते आधीपासूनच होतं."

"मग तुमच्या परीक्षणात कसं आलं?"

विद्याधरराव अडकले. उचलेगिरी कबूल केली तर समिती जाणार, नाही केली तर सभासदत्व.

"योगायोग असेल ना!"

"आणि हा पण योगायोग? पुस्तक नवीन आहे. याआधी एकदाच बाहेर गेलं होतं. गेल्या महिन्यात, तुमच्याच कार्डावर."

"मी कशाला नेऊ? मी तर अजून वाचलेलंच ना..." विद्याधररावांनी जीभ चावली. पण सभेला जे ऐकायचं ते ऐकू गेलं होतं. मग ते चिडले. "अहो, हे अक्षर माझं नाही! कुणाचं आहे कोण जाणे. मी जन्मात बघितलेलं नाही हे अक्षर!"

"माझं आहे ते," सुलक्षणाबाई उठून म्हणाल्या. "कार्ड ह्यांचं, वाचते मी. आणि बत्तीस वर्षं वाण्याची यादी ह्याच अक्षरात ह्यांच्या हातात देते."

ती यादी विद्याधरराव घडी न उघडता वाण्याला देत आले होते.

"'कुठेही ओळखू येतं'," भीमराज परीक्षणाचा कागद बघून पुटपुटले, आणि सगळं सभागृह हसलं.

समितीवर सुलक्षणाबाईंना घेतलं. कार्ड विद्याधररावांच्या नावावर, म्हणून सगळे शेरे खोडरबरने पुसायची शिक्षा त्यांना झाली.

सोमवारी ते घरी पुसायला बसले. पुसायचं तर आधी वाचावं लागत होतं, आणि शेरा कळायचा तर शेजारचा मजकूरही. दुपारपर्यंत ते पुसायचं विसरून नुसतेच वाचत होते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'ह्येका सत्तावीस वर्षांनी तरी कळला. मी अजून वाट बगतंय.'

विद्याधररावांना लाज वाटली. तेवढा एक शेरा न पुसता ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. सुलक्षणाबाई समितीची नवी यादी वाचत बसल्या होत्या.

"सुलक्षणा, तू बस. आज चहा मी करतो."

"करा की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "साखरेच्या डब्यावर चिठ्ठी लावलीय. माझ्याच अक्षरात."