आर्वीचं वजा पाणी

मयुरीची बदली वर्ध्याला झाली आणि अश्विनच्या सोबतीला फक्त एक पाण्याची टाकी उरली.

ही उघड्यावर ठेवलेली गोल, उथळ टाकी म्हणजे आर्वीजवळच्या त्या चिमुकल्या हवामान केंद्राची मुख्य इस्टेट. रोज सकाळी तिच्यातलं पाणी किती उतरलं ते मोजायचं आणि तेवढं उन्हानं उडालं असं धरायचं. महिनाअखेर पडलेल्या पावसातून हे उडालेलं पाणी वजा करून आकडा वर्ध्याला पाठवायचा. तिथे मयुरी तो तपासून तालुक्याच्या जमिनीत किती ओल उरली, याचा अंदाज बांधायची. म्हणजे दोघांचा संबंध महिन्यातून एकदा, आणि तोही वजा चिन्हासकट.

फोन करायला अश्विनला बंदी नव्हती. पण कारण लागतं. ‘जेवली का?’ असं त्यानं कित्येकदा टाइप केलं आणि पुसलं. ‘हो’ म्हणाली, तर पुढे काय विचारायचं?

फेब्रुवारीत टाकीवरची जाळी गंजून तुटली. ती वेल्डिंगला गेली आणि तिथेच राहिली. महिना संपला, आकडा गेला आणि दुसऱ्याच दिवशी फोन वाजला.

“अश्विन, आग लागली का तिकडे?”

“काऊन?”

“आष्टीच्या केंद्रापेक्षा दुप्पट पानी उडून राह्यलं तुझ्याकडे!”

“ऊन लय आहे इकडे.”

“फेब्रुवारीत?”

“वारा बी आहे.”

मयुरी हसली. मग तिनं केंद्राची चौकशी केली, दारातल्या कडुलिंबाची केली, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “जेवला का?” तिला हे किती सोपं गेलं, याचंच अश्विनला दिवसभर नवल वाटत राहिलं.

दुपारी पाणी नेमकं कुठे उडतं ते पाहायला तो टाकीपाशी थांबला. शेजारच्या आनंदाबाई दोन बकऱ्या घेऊन आल्या. बकऱ्यांनी बाष्पीभवन सुरू केलं.

“मावशी, हे का करून राह्यल्या?”

“पानी पाजून राह्यली, बापू. सरकारनं मुक्या जनावराईसाठी टाकी ठेवली, लय पुन्याचं काम केलं. फक्त सावली पाह्यजे होती.”

हे शास्त्रीय उपकरण आहे, असं सांगायला अश्विननं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला फोनवरचं हसू आठवलं.

“रोज येत जा, मावशी,” तो म्हणाला.

मार्चमध्ये बकऱ्या वाढल्या, तसा फोनही लांबला. एप्रिलमध्ये आनंदाबाईंनी जावेची म्हैस आणली. त्या महिन्याच्या फोनमध्ये अश्विननं मयुरीला कधीच न वाहिलेला वारा इतका बारकाईनं सांगितला, की त्याला स्वतःलाच गार वाटलं.

पण म्हशीचा आकडा वर्ध्याच्या साहेबांपर्यंत पोचला.

“तुझ्या हिशोबानं तालुक्यात थेंबभर ओल नाई,” मयुरी म्हणाली. “झाडं कायच्यावर उभी आहेत, असं साहेब विचारून राह्यले. परवा येऊन राह्यले ते.”

“अन् तू?”

“मी बी.”

यानंतरचं सगळं इस्त्रीत गेलं. अश्विननं शर्टाला इस्त्री केली, पॅन्टला केली, टेबलक्लॉथलाही केली. आनंदाबाईंना ‘परवा येऊ नका’ सांगायचं तेवढं राहिलं.

त्या दिवशी साहेब टाकीवर वाकले होते. मयुरी मोजपट्टी धरून उभी होती. तेवढ्यात फाटकातून बकऱ्या रांगेनं आत आल्या, मागून म्हैस, तिच्यामागून आनंदाबाई.

“पाहुणे आले वाटते! पिऊ द्या साहेब, तुमच्या गाडीत जनावरं असन तर त्याईले बी सोडा.”

म्हशीनं टाकीत तोंड घातलं.

“बाष्पीभवनाला शिंगं असतात,” साहेब शांतपणे म्हणाले, “हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.”

मयुरीनं आधी म्हैस पाहिली, मग अश्विनच्या शर्टाची इस्त्री पाहिली.

“तुले कधीपासून माईत होतं?” तिनं हळूच विचारलं.

“तुझ्या पयल्या फोनापासून.”

ती मोजपट्टीवरचा आकडा वाचू लागली. मोजपट्टी मात्र तिनं उलटी धरली होती.

पंधरवड्यात केंद्रावर स्वयंचलित मशीन बसलं. भोवती कुंपण आलं. आकडे आपोआप वर्ध्याला जाऊ लागले. “आता फोन करून कोणाचा वेळ घालवायला नको,” असं साहेबांनी लेखी कळवलं आणि अश्विनला त्याबद्दल लेखी आभार मानावे लागले. आनंदाबाईंसाठी कुंपणाबाहेर सिमेंटचं टाकं बांधलं. बकऱ्यांना त्यात पहिल्या टाकीतल्या पाण्याची चव येत नाही, अशी बाईंची तक्रार होती.

उरलेला मे महिना असाच गेला. मशीन चुकत नव्हतं. अश्विन रोज त्याच्यासमोर बसायचा, एखाद्या चुकीच्या आशेनं.

एका दुपारी फोन वाजला.

“अश्विन,” मयुरीचा आवाज एकदम कामाचा होता. “मशीन म्हनते, तिकडे पाऊस पडून राह्यला.”

अश्विननं वर पाहिलं. आभाळात ढग औषधालाही नव्हता. त्यानं मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. पाऊस: शून्य. खाली लिहिलं होतं की हाच आकडा वर्ध्याला पोचला आहे.

तो कडुलिंबाखाली खुर्ची घेऊन बसला.

“हाव,” तो म्हणाला. “पडून राह्यला.”

“किती?”

“मोजाले वेळ लागन.”

“लागू दे,” मयुरी म्हणाली.